हाडाला हात लावण्याआधी: मानवी अवशेषांवरच्या संशोधनाचा नीट क्रम

मानवी अवशेषांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांचे प्रस्ताव गेली काही वर्षं माझ्याकडे वाचायला येतात. सांगाडे, कवट्या, दात, दहनानंतर उरलेले तुकडे, संग्रहालयातल्या ममी, वैद्यकीय शिक्षणासाठी जमवलेले जुने संच. विषय निरनिराळे असतात, चूक मात्र बहुतेकांची एकच असते. क्रम उलटा असतो. आधी नमुना मिळतो, मग त्याच्यावर काय करता येईल याचा विचार होतो, मग परवानगीचा कागद शोधला जातो आणि ज्यांच्या पूर्वजाचं ते हाड आहे त्यांना निबंध छापून आल्यावर बातमीतून कळतं. नीतिविषयक परिच्छेद सगळ्यात शेवटी लिहिला जातो, तोही कुणाच्या तरी निबंधावरून उचलून.

म्हणून हा लेख. यातले पहिले तीन टप्पे सगळ्यात जास्त वेळ खातात आणि तेवढ्या काळात तुमच्या हाती एकही आकडा लागत नाही. वेळापत्रक आखताना एकूण काळाचा निदान निम्मा हिस्सा या तीन टप्प्यांसाठी राखून ठेवा. निधी मागतानाही तो वेळ धरूनच मागा.

टप्पा १: हे अवशेष कुणाचे आणि इथवर कसे आले?

पहिलं काम नोंदवही उघडण्याचं. पेटीवर लिहिलेलं खरं मानू नका. आवक नोंदवही, उत्खननाची टाचणं, देणगीपत्र, जुना पत्रव्यवहार, छायाचित्रं हे सगळं मागवा आणि तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: अवशेष कुठून आले, कुणी काढले किंवा घेतले, आणि कुठल्या परिस्थितीत घेतले. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

मग पेटी उघडा. एका संग्रहात मला एक पुठ्ठ्याची पेटी दाखवली होती. वर पेन्सिलनं फक्त ‘स्त्री’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. आत मांडीची दोन हाडं निघाली आणि दोन्ही डावी. म्हणजे किमान दोन माणसं. नोंदवहीत माणूस एकच. त्या पेटीतून आधी दोनदा नमुने नेले गेले होते आणि ते एकाच व्यक्तीचे म्हणून छापलेही गेले होते. तेव्हापासून कुठलीही पेटी हाती आली की मी आधी किमान किती व्यक्ती आहेत ते मोजते. एकाच बाजूचं एकच हाड किती वेळा सापडतं, वयात विसंगती आहे का, झीज जुळते का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

हाडावरच्या खुणाही बोलतात. कवटीच्या माथ्यावर आकडा, सांध्यांत तारा, जबड्याला स्प्रिंग, करवतीनं सरळ कापलेली टोपी, पिवळट वॉर्निश अशा खुणा दिसल्या तर तो सांगाडा शिकवण्यासाठी तयार करून विकलेला असण्याची शक्यता मोठी. जगभरच्या वैद्यकीय विद्यालयांतले असे असंख्य सांगाडे भारतातून गेले. भारतानं त्यांची निर्यात १९८५ मध्ये बंद केली. ज्यांची ती हाडं आहेत त्यांनी देहदानाचा कागद लिहिलेला असेल, असं गृहीत धरायला काहीच आधार नाही. बेवारस ठरवलेली, गरिबीमुळे कुणी सोडवून न नेलेली, काही वेळा चोरून उकरलेली प्रेतं या व्यापारात होती.

पेटीतली चिठ्ठी, कापडाचा तुकडा, दोरा, माती यातलं काहीही टाकू नका. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका पबमध्ये १९६३ साली एक कवटी सापडली. तिच्या डोळ्याच्या खोबणीत घडी करून ठेवलेली चिठ्ठी होती. तिच्यावरून कळलं की ती कवटी १८५७ च्या उठावानंतर तोफेच्या तोंडी दिलेल्या आलम बेग या हवालदाराची आहे. एवढासा कागद गहाळ झाला असता तर तो माणूस कायमचा ‘आशियाई पुरुष, प्रौढ’ होऊन राहिला असता.

माहिती जमली की अवशेष कुठल्या गटात बसतात ते ठरवा. व्यक्तीनं स्वतः संमती दिलेले. परवानगीनं केलेल्या उत्खननातले. बेवारस म्हणून मिळालेले. आणि युद्ध, तुरुंग, गुलामी किंवा वसाहतीच्या राजवटीत बळानं घेतलेले. शेवटच्या गटाला संशोधनाचा कच्चा माल समजू नका. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला, तेव्हा कवट्या जर्मनीत नेल्या गेल्या. त्यातल्या २० कवट्या २०११ मध्ये परत गेल्या. परत देण्याआधी त्यांची तपासणी झाली ती त्या कुणाच्या आहेत हे ठरवून परत देण्यासाठी. माझ्या मते बळानं घेतलेल्या अवशेषांच्या बाबतीत संशोधनाचा हा एकच हेतू आपण होऊन पुढे मांडता येतो. बाकी काही करायचं असेल तर ते वंशजांनी मागितलं पाहिजे.

*सावधान:* जुन्या नोंदींत वंशाविषयीचे अपमानकारक शब्द असतात. मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवा, पण आपल्या तक्त्यात, फाइलच्या नावात, व्याख्यानाच्या चित्रफितीत ते शब्द पुढे नेऊ नका.

*पुढे जाण्याआधी तपासा:* तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि हाडाला इजा करणारी प्रत्येक चाचणी थांबवा.

टप्पा २: कायदा आणि परवाने

इथे मी थोडक्यात सांगते, कारण नियम देशागणिक बदलतात आणि ते तुम्हाला त्या त्या ठिकाणी विचारूनच घ्यावे लागतात. किमान तीन ठिकाणचे नियम पाहायचे: अवशेष जिथून आले तो देश, आज जिथे ठेवले आहेत ते ठिकाण, आणि प्रयोगशाळा जिथे आहे ते ठिकाण. तपासणीसाठी काढलेल्या हाडाच्या भुकटीची कुपी सीमेपलीकडे पाठवणं हीदेखील निर्यात असू शकते, हे विसरू नका.

नियमांत फरक किती असतो पाहा. अमेरिकेत मूलनिवासींच्या अवशेषांविषयीचा कायदा १९९० चा. त्याची नवी नियमावली १२ जानेवारी २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यानुसार कायद्याखाली येणाऱ्या संस्थांनी संशोधन किंवा प्रदर्शनाच्या आधी वंशजांची किंवा संबंधित जमातींची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घेणं बंधनकारक आहे. ब्रिटनचा मानवी ऊतींविषयीचा २००४ चा कायदा मात्र, तो लागू होतानाच ज्यांच्या मृत्यूला १०० वर्षं उलटून गेली होती त्यांच्या अवशेषांना संमतीची अट लावत नाही. म्हणजे एकाच प्रकारच्या दोन कवट्या, एकीला वंशजांची संमती सक्तीची, दुसरीला नाही.

म्हणूनच ‘कायद्यानं विचारायची गरज नव्हती’ हे उत्तर पुरत नाही. न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यातल्या ९ व्यक्तींच्या डीएनएवरचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते अवशेष कुठल्याही एका जमातीशी जोडता येत नाहीत अशी कागदोपत्री नोंद होती, म्हणून जमातींशी बोलणं झालं नाही. त्या भागातले लोक मात्र स्वतःला त्यांचे वंशज मानत होते. टीका झाली ती या न विचारण्यावर. चिलीच्या अटाकामा वाळवंटात २००३ मध्ये सापडलेल्या जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीच्या देहाचं प्रकरण आणखी वाईट. तो देह देशाबाहेर एका खासगी संग्राहकाकडे गेला, परग्रहवासी म्हणून मिरवला गेला, आणि २०१८ च्या जनुकीय निबंधानं ती मानवी मुलगी असल्याचं दाखवलं. हाडं फार जुनी नव्हती. तिची आई किंवा भावंडं कुठेतरी हयात असू शकतात, हा विचार हाड कापण्याआधी व्हायला हवा होता. चिलीतल्या अभ्यासकांनी परवान्यांविषयी विचारलं, तेव्हा निबंध प्रसिद्ध होऊन गेला होता.

*पुढे जाण्याआधी तपासा:* परवाना कुणाच्या नावे आहे, कुठल्या चाचणीसाठी आहे, किती नमुन्यांसाठी आहे, मुदत कधी संपते? ‘अभ्यासासाठी परवानगी’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर ड्रिल चालवू नका.

टप्पा ३: ज्यांना विचारायचं त्यांना, आणि वेळेत

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात.

पहिला हक्क त्या मृत व्यक्तीचा. तिनं हयातीत काही सांगून ठेवलं होतं का ते शोधा. अठराव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स बर्न नावाचा असामान्य उंचीचा माणूस होता. आपला देह शरीरशास्त्रज्ञांच्या हाती पडू नये म्हणून आपल्याला समुद्रात बुडवावं, अशी त्याची इच्छा असल्याचं त्या काळापासून सांगितलं जातं. १७८३ मध्ये तो वारला आणि त्याचा सांगाडा नेमका एका शरीरशास्त्रज्ञाच्या संग्रहातच गेला. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएवरून वाढीच्या एका विकाराचं जनुकीय कारण दिसलं आणि तोच बदल आज हयात असलेल्या रुग्णांतही आढळला. जानेवारी २०२३ मध्ये संग्रहालयानं सांगाडा प्रदर्शनातून काढत असल्याचं जाहीर केलं, पण संशोधनासाठी ठेवला. रुग्णांना झालेला उपयोग खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही. तरीही मला वाटतं, माणसानं ‘नको’ म्हटल्याचं माहीत असेल तर त्याला ‘नको’च समजावं. त्याचं हाड उपयोगाचं ठरलं, एवढ्यावरून त्याचं ‘नको’ पुसलं जात नाही.

मग हयात माणसं. नात्यातले, त्याच समाजाचे, त्या जागेशी बांधलेले, त्या श्रद्धेचे. हे चार गट एकच असतील असं नाही आणि त्यांचं आपसात पटेलच असंही नाही. चौघांची यादी करा. ‘एवढ्या जुन्या हाडांना वंशज कुठले?’ हे वाक्य मी प्रस्तावांत सारखं वाचते. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये सापडलेला केनेविक मानव नावाचा सांगाडा सुमारे साडेआठ हजार वर्षं जुना. स्थानिक जमाती त्याला आपला पूर्वज म्हणत होत्या, काही शास्त्रज्ञ ते अमान्य करत न्यायालयात गेले आणि जिंकलेही. २०१५ मध्ये डीएनएनं दाखवलं की तो आजच्या मूलनिवासी अमेरिकनांशीच सर्वांत जवळचा. त्यासाठी तुलनेचे नमुने कोलव्हिल जमातीतल्या लोकांनी दिले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याचं पुन्हा दफन झालं. मधली वीस वर्षं भांडणात गेली.

याउलट एक उदाहरण. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात १९९१ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकी लोकांची जुनी दफनभूमी उघडी पडली. सुरुवात वाईटच झाली. काम घाईत रेटलं जात होतं आणि लोकांनी आंदोलन करून ते थांबवलं. त्यानंतर अभ्यासाची सूत्रं हॉवर्ड विद्यापीठाकडे गेली आणि मायकेल ब्लेकी यांच्या गटानं आराखडा वंशज समाजापुढे जाहीरपणे चर्चेला ठेवला. समाजानं प्रश्न बदलून मागितले. हे लोक आफ्रिकेत कुठून आले, गुलामीत त्यांच्या शरीराचं काय झालं, आफ्रिकीचे आफ्रिकी-अमेरिकन ते कसे झाले, त्यांनी प्रतिकार कसा केला. या चार प्रश्नांवर ४१९ व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास झाला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ते सन्मानानं पुन्हा पुरले गेले. पैसे देणारा एक असतो आणि ज्याला आपण नैतिकदृष्ट्या बांधील आहोत तो दुसरा असतो, ही मांडणी ब्लेकी यांनी याच कामातून केली. प्रस्ताव लिहिताना ‘आम्ही कुणाला बांधील’ असा रकाना करा आणि त्यात दोन्ही नावं वेगवेगळी लिहा.

आता बैठकीविषयी.

प्रस्ताव पक्का होण्याआधी जा. छापील, रंगीत, शेवटच्या पानापर्यंत ठरलेला आराखडा घेऊन गेलात तर समोरच्याला कळतं की आपल्याला विचारायला आलेले नाहीत, कळवायला आले आहेत. पहिल्या भेटीत आपलं दहा मिनिटं सांगा आणि मग ऐका. त्यांना त्या माणसांविषयी काय जाणून घ्यायचं आहे, ते विचारा. काहीच जाणून घ्यायचं नसेल तर तेही उत्तर आहे. येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला प्रकल्पानं द्यायचा. टिपणं दोन्ही बाजूंना पटली पाहिजेत.

शब्द त्यांचे वापरा. मराठीत आपण ‘हाडं’ म्हणतो तेव्हा एक चित्र उभं राहतं आणि ‘अस्थी’ म्हणतो तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. प्रत्येक भाषेत असे दोन शब्द असतात. समोरचा कुठला वापरतो ते कान देऊन ऐका आणि तोच उचला. ‘नमुना क्रमांक ७’ हा शब्द प्रयोगशाळेत ठेवा, बैठकीत नेऊ नका.

संमती पायरीपायरीनं घ्या. पाहणं आणि मोजणं, छायाचित्र, सीटी स्कॅन, त्रिमितीय प्रतिकृती, थोडी भुकटी घेणं, जनुकीय माहिती प्रसिद्ध करणं, उरलेला अंश पुढच्या अभ्यासासाठी ठेवणं. प्रत्येकासमोर हो, नाही आणि ‘पुन्हा विचारा’ असे तीन पर्याय हवेत. एकत्र ‘हो’ घेतलं की काय होतं ते हावासुपाई लोकांच्या प्रकरणात दिसलं. ते अवशेषांचं प्रकरण नव्हतं, जिवंत माणसांच्या रक्ताचं होतं, पण धडा तोच. अॅरिझोनातल्या या छोट्या जमातीनं १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांच्या अभ्यासात वापरलं गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर दिले गेले आणि रक्ताचे उरलेले नमुने परत करावे लागले.

नकोशा निकालांची गोष्टही आधीच काढा. वडील म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्याच्याशी नातं न जुळणं, एखादा आजार, जवळच्या नात्यातल्या जोडप्याचं मूल, परंपरेत सांगितलेल्या मूळ स्थानाशी न जुळणारा निकाल. असं निघालं तर सांगायचं का, कुणाला, छापायचं का, हे निकाल येण्याच्या आधी ठरवा. निकाल आल्यावर ही चर्चा शांतपणे होत नाही.

*सावधान:* एका वडीलधाऱ्याची किंवा पदाधिकाऱ्याची सही म्हणजे समाजाची संमती नव्हे. त्याला आपल्या लोकांत परत जाऊन बोलायला वेळ द्या, आणि ते किती दिवसांत उत्तर देतील हे तुम्ही ठरवू नका.

*पुढे जाण्याआधी तपासा:* ‘नाही’ असं उत्तर आलं तर प्रकल्पाचं काय होईल? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तुम्ही संमती मागतच नव्हता.

टप्पा ४: प्रश्न, आणि हाड न कापता त्याचं उत्तर मिळतं का

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘डीएनए काढून पाहू’ हा प्रश्न नाही. मग पुढचा क्रम घ्या आणि जिथे उत्तर मिळेल तिथे थांबा: आधी प्रसिद्ध झालेली माहिती, कुणीतरी पूर्वी काढून ठेवलेला आणि वापरण्याची संमती असलेला अंश, डोळ्यांनी पाहणी आणि मोजमाप, क्ष-किरण आणि स्कॅन, आणि त्यानंतरच भुकटी.

लेखी योजनेत किती व्यक्ती, कुठलं हाड, किती मिलिग्रॅम, कुठली प्रयोगशाळा, उरलेल्याचं काय आणि थांबायचं कधी हे सगळं यायला हवं. थांबायची अट प्रस्तावांत जवळपास कधीच नसते. उष्ण हवामानात डीएनए फार कमी टिकतो. हडप्पा संस्कृतीच्या राखीगढी इथल्या अवशेषांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. साठाहून अधिक नमुने तपासले गेले आणि उपयोगी जनुकीय माहिती एकाच व्यक्तीकडून मिळाली. अशा ठिकाणी सरसकट सगळ्यांना ड्रिल लावण्याआधी दोन-तीन व्यक्तींवर चाचणी घ्या. काहीच निघालं नाही तर थांबा आणि हाडं पुढच्या पिढीच्या चांगल्या तंत्रासाठी राहू द्या.

२०२१ मध्ये ३१ देशांतल्या ६४ अभ्यासकांनी मिळून मानवी अवशेषांच्या डीएनए संशोधनासाठी पाच तत्त्वं मांडली: जिथून अवशेष आले आणि जिथे काम चालतं तिथले सगळे नियम पाळणं, सविस्तर पूर्वयोजना, कमीत कमी इजा, फेरतपासणीसाठी माहिती उपलब्ध ठेवणं, आणि संबंधितांशी सुरुवातीपासून संवाद. नीतिशास्त्र समितीपुढे जाताना या पाचांपुढे आपण नेमकं काय करणार ते लिहा. पाच तत्त्वं नुसती उतरवून काढणं म्हणजे योजना नव्हे.

टप्पा ५: नमुना घेण्याआधीची नोंद

ड्रिल लागलं की हाड पूर्वीसारखं होत नाही. म्हणून आधी मोजपट्टीसह सहा बाजूंनी छायाचित्रं, मोजमाप, आजार आणि जखमांच्या खुणांचं लेखी वर्णन, आणि शक्य असेल तर सीटी स्कॅन. क्ष-किरणांचा मोठा मारा डीएनएला इजा करतो, म्हणून मायक्रो-सीटी (अतिशय बारीक तपशील दाखवणारा स्कॅन) करताना डोस २०० ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) खाली ठेवावा. नेहमीच्या वैद्यकीय स्कॅनचा डोस याच्या कितीतरी खाली असतो.

हाडं धुऊ नका. स्वच्छ दिसावीत म्हणून धुतलेल्या हाडांत डीएनए टिकण्याची शक्यता घटते आणि दातांवरचं कीटणही सुटून जातं. त्या कीटणात अन्नाचे आणि तोंडातल्या जिवाणूंचे अंश असतात. हातमोजे, मास्क, खाली मऊ पट्टी, आणि टेबलावर एका वेळी एकच व्यक्ती. कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून कधीच उचलायची नाही. दोन्ही तळहात खालून द्यायचे.

खोलीत कोण असेल तेही आधी ठरवा. समाजाच्या प्रतिनिधीला हजर राहायचं असेल, काम सुरू करण्याआधी काही म्हणायचं असेल, तर त्याची वेळ योजनेतच धरलेली असावी. मोबाइल बाहेर ठेवा. कवटीसोबत काढलेला एक हसरा फोटो तुमचा सगळा विश्वास घालवतो, आणि असे फोटो मी पाहिले आहेत.

टप्पा ६: नमुना घेणं

डीएनएसाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे कानशिलाच्या हाडातला, आतल्या कानाभोवतीचा अतिशय घट्ट भाग. त्यातून साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. चूक इथे होते ती अशी, की तो पूर्ण भाग कापून काढला जातो. कवटी अखंड असेल तर तळाकडून बारीक छिद्र पाडून भुकटी घेता येते. काही वेळा कानातली सुटी इवली हाडंही पुरतात. दात घ्यायचा असेल तर मुळाकडून घ्या आणि वरचा भाग राखा.

कार्बन-१४ कालमापनासाठी हाड जास्त लागतं, साधारण अर्धा ते एक ग्रॅम. म्हणून आधी काही मिलिग्रॅममधल्या नायट्रोजनचं प्रमाण पाहा. ते ०.७ टक्क्यांच्या बरंच खाली असेल तर कोलॅजन, म्हणजे ज्यावरून काळ मोजतात ते हाडातलं प्रथिन, मिळण्याची आशा कमी. मग हाड कशासाठी फोडायचं?

नमुना निवडताना हे सांभाळा: जोडीतलं एकच हाड उरलं असेल तर ते सोडा, आजाराची किंवा जखमेची खूण असलेली जागा सोडा (त्या खुणेवरच प्रश्न असेल आणि संमती असेल तर गोष्ट वेगळी), आणि समोरून दिसणारा चेहऱ्याचा भाग सोडा. एकाच भुकटीतून दोन चाचण्या होत असतील तर दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळं छिद्र पाडू नये.

*सावधान:* ‘आलोच आहोत तर जास्तीचं घेऊन ठेवू’ हे वाक्य खोलीत कुणी उच्चारलं तर काम थांबवा. संमती ५० मिलिग्रॅमची असेल तर ५१ वा मिलिग्रॅम विचारल्याशिवाय घेतलेला आहे.

*तपासा:* काढण्याआधीचं आणि नंतरचं वजन, कुपीवरचा क्रमांक, छिद्राचं छायाचित्र, हजर असलेल्यांची नावं. सगळं त्याच दिवशी, त्याच वहीत.

टप्पा ७: निकाल

निकाल आधी ज्यांनी संमती दिली त्यांना सांगायचे, त्यांच्या भाषेत, प्रत्यक्ष भेटून, आणि निबंध पाठवण्याच्या पुरेसं आधी. त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या तर आकडे बदलायचे नाहीत, पण शब्द बदलता येतात. ‘विकृती’, ‘आदिम’, ‘नामशेष’ हे शब्द वाचणारं माणूस त्याच घरातलं असू शकतं.

कच्ची जनुकीय माहिती खुली ठेवली नाही तर निष्कर्ष तपासता येत नाहीत आणि पूर्ण खुली ठेवली तर हयात नातेवाइकांविषयीही काही उघड होऊ शकतं. २०१९ मध्ये मूलनिवासी समाजांच्या माहितीसाठी मांडलेली केअर तत्त्वं या माहितीवर त्या समाजाचं नियंत्रण असावं असं सांगतात. मधला मार्ग म्हणजे अर्ज करून, ठरलेल्या कारणासाठी माहिती देणं आणि अर्ज पाहणाऱ्या समितीत समाजाचा माणूस असणं. हे टप्पा ३ मध्येच ठरलेलं असेल तर इथे फार बोलावं लागत नाही.

छायाचित्रं छापण्यासाठी वेगळी संमती हवी. निबंधाला चित्र लागतंच असं नाही. रेखाटनानं भागत असेल तर रेखाटन द्या. संस्थेकडून जाणारी बातमी स्वतः वाचून मगच सोडा, मथळ्यासकट.

टप्पा ८: परत देणं, आणि उरलेलं सगळं

अवशेष परत जाणार असतील किंवा पुन्हा पुरले जाणार असतील तर ‘अवशेष’ म्हणजे काय याची यादी करा. हाड, भुकटी, दाताचा तुकडा, काढलेला डीएनएचा द्रव, त्यापासून बनवलेल्या प्रती, कोलॅजन, काचपट्ट्यांवरचे पातळ काप, साचे, त्रिमितीय फाइली, छायाचित्रं. प्रत्येकापुढे कुठे आहे, कुणाकडे आहे, परत जाणार की नष्ट होणार की संमतीनं राहणार, आणि तारीख. नष्ट करणं म्हणजे कचऱ्यात टाकणं, असा अर्थ तुम्ही लावू नका. कसं करायचं ते विचारा. काहींना द्रवसुद्धा परत हवा असतो.

बाहेरच्या प्रयोगशाळांना लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय यादीतली ओळ खोडू नका. एका समाजाच्या दोन पूर्वजांचं पुन्हा दफन झाल्यावर जवळपास वर्षभरानं आमच्याच शीतकपाटाच्या तळाशी दोन कुप्या निघाल्या. प्रत्येकीत नखाएवढी पांढरी भुकटी आणि झाकणावर माझ्याच अक्षरात क्रमांक. यादीत त्या नव्हत्या, कारण यादी मी आठवणीनं केली होती, कपाट रिकामं करून नाही. मी त्या दिवशीच फोन केला. पलीकडच्या आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘दोघांच्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत ना?’ वेगवेगळ्याच होत्या. मी स्वतः घेऊन गेले.